रिकामा परत आलेला डबा

आमच्या ठाण्याच्या घरी दोन डबे होते. एक पितळी, चिंचेने घासून सोन्यासारखा झालेला. दुसरा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पोचे पडलेला, ज्याचे झाकण बसवताना कडेवर अंगठा दाबून धरावा लागे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आई ज्या तिळाच्या वड्या करी, त्या पितळी डब्यातून आमच्या ब्राह्मणआळीत फिरत, आणि जर्मनच्या डब्यातून रेल्वेच्या फाटकापलीकडे कोपरीला जात. कोपरीला माझी मैत्रीण राहत असे. तिच्या घरी जाऊन आलेले भांडे स्वयंपाकघरात घेणे आईला जमत नसे, आणि ते ती बोलूनही दाखवत नसे. परत आलेला डबा मागच्या पडवीत, तुळशीजवळच्या कोनाड्यात राही.

मैत्रिणीच्या आईला हे कळत नसेल, असे मला कधीच वाटले नाही. तरी तिने तो डबा एकदाही रिकामा धाडला नाही. तिचा नवरा खाडीकाठच्या मिठागरात काम करी. म्हणून डब्यातून परत येई ते खडेमीठ, किंचित ओलसर, राखाडी झाक असलेले, झाकण उघडताच भरतीच्या पाण्याचा वास सोडणारे. ते मीठ मात्र आई निमूटपणे बरणीत ओतून घेई. मीठ बाटत नाही, असा एक नियम तिने स्वतःपुरता करून घेतला होता.

अठ्ठेचाळीस साल उजाडले तेव्हा आम्ही दोघी मॅट्रिकच्या वर्गात होतो. तिच्या वाडीतून इतकी पुढे आलेली ती पहिलीच मुलगी. तिचे वडील बेचाळीसला तुरुंगात जाऊन आले होते. मिठागराच्या चिखलात दिवसभर उभे राहून ज्याचे पाय भेगाळलेले, तो माणूस सणावारी स्वच्छ खादीची बंडी घाली. मूठभर मिठासाठी समुद्रापर्यंत चालत गेलेल्या त्या म्हाताऱ्याची तसबीर त्यांच्या कुडाच्या भिंतीवर होती, आणि तिच्याखाली रोज पणती लागे. आमच्या मिठाला ज्याने मान दिला, त्याच्या शब्दाखातर पोरीला शिकवतो, असे ते म्हणत. पण बिरादरीपुढे त्यांनाही एक अट मान्य करावी लागली होती: पहिल्याच खेपेस मॅट्रिक झाली तर पुढे शिकेल, नाही झाली तर लगेच लग्न.

तिचे सगळे घोडे बीजगणितावर अडलेले, आणि बीजगणित माझे बरे होते. म्हणून रोज शाळा सुटली की ती आमच्या पडवीत येई. मी आतल्या बाजूला बसे, ती पायरीवर, मध्ये पाटी. तिचे डोके चपळ होते, फक्त अक्षरांना किंमत असते यावर तिचा विश्वास बसत नसे. “हा तुझा क्ष म्हणजे आमच्या मिठागराचा मुकादम आहे बघ,” ती म्हणे, “दर खेपेला किंमत वेगळी सांगतो.” आणि मग खाली मान घालून तेच उदाहरण तिसऱ्यांदा सोडवी. तिच्या बोटांच्या पेरांना मिठाने चिरा पडलेल्या असत. पेन्सिल धरताना त्या झोंबत असणार; ती कधी बोलली नाही.

जानेवारीच्या अखेरच्या त्या शुक्रवारी आईचे हळदीकुंकू होते. मी मधल्या सुट्टीतच घरी आले. चार वाजल्यापासून बायकांची ये-जा सुरू झाली. अत्तर, ओले हरभरे, गुलाबपाण्याचे थेंब, आणि साऱ्यांखाली दबलेला, घशाशी रेंगाळणारा भाजल्या तिळांचा वास. साडेपाचच्या सुमारास शेवटची बाई उठली. तेव्हा मी आईला म्हटले की आज तिची शिकवणी बुडाली आहे, तर मीच वड्या देऊन येते आणि दोन उदाहरणेही सांगून येते. आईने जर्मनचा डबा भरला आणि दिवेलागणीच्या आत परत यायला सांगितले.

स्टेशनाजवळच्या हॉटेलापुढे माणसे उभी होती. आत रेडिओ चालला होता. मला वाटले, कुठल्या तरी सामन्याची बातमी असेल. पण त्या गर्दीत कुणी कुणाशी बोलत नव्हते, हे मला दिसले. एका माणसाने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती, हेही दिसले. मी थांबले नाही. डबा अजून कोमट होता आणि मला तो कोमट असतानाच पोचवायचा होता.

तिचे दार उघडे होते. मी नेहमीसारखी उंबऱ्यावरूनच मोठ्याने म्हणाले, “तिळगूळ घ्या, गोड बोला.”

आत अंधार होता. डोळे सरावल्यावर दिसले की तिचे वडील भिंतीला टेकून जमिनीवर बसले आहेत. चूल पेटलेली नव्हती. मैत्रीण तसबिरीखाली उभी होती, आणि तिच्या हातातली पणती नुसती हातातच होती. तिची आई पुढे आली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्या हातातला डबा घेऊन तिने फळीवर ठेवला. मग वडिलांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, फार लांबून पाहावे तसे.

“पोरी, घरा जा,” ते म्हणाले. “आज आमचे घरान सुतक हाय.”

मैत्रीण मला पोचवायला दोन पावले बाहेर आली. दिल्लीत प्रार्थनेला चाललेले असताना त्यांना गोळ्या घातल्या, ते गेले, एवढे तिने सांगितले. तिच्या आवाजात रडणे नव्हते. ओहोटीला उघडा पडलेला चिखल असतो, तसा तो आवाज होता, वर पाणी नसलेला. मी तिचा हात धरायला गेले तेव्हा माझ्या बोटांना तूप आणि गूळ लागलेला होता. मी हात मागे घेतला. का घेतला, हे तिला कळले असेल का?

येताना दुकानांच्या फळ्या लागत होत्या. लाकडावर लाकूड आपटल्याचा तो आवाज रस्ताभर माझ्याबरोबर चालत होता. घरी पोचले तो बातमी माझ्याआधी आली होती. वडील अंगणाकडे पाठ करून उभे होते. आई हळदीकुंकवाचे ताट घेऊन तशीच बसली होती आणि तिच्या डोळ्यांतले पाणी कुंकवात पडत होते. काका, वडिलांचे धाकटे भाऊ, झोपाळ्यावर होते. फाळणीनंतर ते दर रविवारी कल्याणपलीकडे विठ्ठलवाडीच्या बाजूला निर्वासितांच्या छावणीत मदतीला जात. तिथे त्यांनी जे पाहिले ते घरात कधी सांगितले नाही, पण तिथून आल्यावर ते अंघोळीला फार वेळ लावत, आणि त्या म्हाताऱ्याविषयी त्यांच्या तोंडी कडवट शब्द येऊ लागले होते.

पितळी डबा झोपाळ्याशेजारी उघडाच होता. मी चप्पल काढत असताना तो आवाज ऐकला. वडी दातांखाली मोडल्याचा आवाज, कोरडा, लहानसा, स्वच्छ. मी वळून पाहिले. काकांची नजर समोरच्या भिंतीवर होती आणि जबडा सावकाश हलत होता. आईनेही ऐकले असावे, कारण तिने उठून डब्यावर झाकण ठेवले.

मारेकरी कोण, हे लवकरच कळले. ते नाव आमच्या आळीतल्या कुणाचेही असू शकले असते. गावोगावी ब्राह्मणांची घरे जळत असल्याच्या बातम्या आल्या. वडील अंधार पडण्याआधी दार लावून घेऊ लागले. आणि बाजारात बोलणे सुरू झाले की आम्ही लोकांनी त्या संध्याकाळी घरोघर गोड वाटले. आमच्याविषयी तरी ते अक्षरशः खरे होते. चार ते साडेपाच आम्ही गोड वाटत होतो, आणि त्यानंतर मी ते डब्यात घालून एका सुतक्याच्या घरीही नेऊन दिले होते. आम्हाला तेव्हा काही ठाऊक नव्हते, हे सांगायला आम्ही कुणाच्या दारी जाणार होतो? एकच घर असे होते, ज्याने माझा तो अजाण, हसरा आवाज स्वतः ऐकला होता. ते घर आमच्या बाजूने बोलले असते. माझा तेवढा विश्वास होता.

शाळा पुन्हा भरली तेव्हा ती दुसऱ्या बाकावर बसली. पडवीत येईनाशी झाली. परीक्षा महिन्यावर आली होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीपाशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“मला ठाऊक आहे, तुला माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “मी माझ्या बाला तसंच सांगितलं, आणि त्यालाही पटलंय. वाडीत तो तसं बोलेलही. पण त्याला एकच विचारायचंय. बातमी कळल्यावर... तुमच्या घरात कुणी गोड खाल्लं नाही ना?”

नळातून टाकीत पाणी पडत होते. त्या पाण्यातून मला वडी मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मला खोटे बोलायचे नव्हते. आणि खरे बोलून काकांना संतापलेल्या लोकांच्या हाती द्यायचेही नव्हते. या दोहोंच्या मध्ये मी किती वेळ उभी राहिले ते सांगता येणार नाही. एक श्वास असेल. मग मी म्हणाले, “नाही.”

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तीन तीनदा एकच उदाहरण सोडवताना ती पाटीकडे पाही, तशी. उत्तर तिला माझ्या तोंडावर आधीच मिळाले होते. शब्द त्यानंतर आला.

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर जर्मनचा डबा ठेवलेला होता. घासलेला, पुसलेला, झाकण नीट दाबून बसवलेले. मी ते उघडले. आत काहीच नव्हते. मी बोट फिरवून पाहिले. मिठाचा खडासुद्धा नव्हता. वड्यांचे काय केले हे मी विचारले नाही. खाडीला दिल्या असतील.

परीक्षेला आमचे नंबर लागून आले होते. बीजगणिताच्या दिवशी ती माझ्या मागच्याच बाकावर होती. पहिला अर्धा तास तिच्या टाकाची कुरकुर ऐकू येत होती, मग ती थांबली. मी मागे वळून पाहू शकत नव्हते. तीन तास माझ्या पाठीशी ती शांतता बसून होती, आणि मी माझी उदाहरणे सोडवत होते, कारण ती मला येत होती. उन्हाळा सरता सरता वर्तमानपत्रात निकालाचे आकडे आले. माझा होता. त्याच्या पुढचा नव्हता. ती पावसाळ्याच्या तोंडाशी लग्न होऊन खाडीपलीकडे कळव्याला गेली, असे शाळेतल्या शिपाईणीने सांगितले.

मी पुढे शिकले, लग्न होऊन डोंबिवलीला आले. पंचावन्नच्या आसपास काका अंथरुणाला खिळले तेव्हा मी त्यांना पाहायला ठाण्याला गेले. खोलीत आम्ही दोघेच होतो. सात वर्षे जे विचारायचे राहिले होते ते मी विचारले: काका, त्या संध्याकाळी तुम्ही वडी खाल्लीत, ती कशी?

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले. त्यांच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, किंवा असेल तर मला ती ओळखता आली नाही.

“कुठली वडी?” ते म्हणाले. “त्या दिवशी मी जेवलोच नव्हतो. एवढं पक्कं आठवतं.”

मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. ज्या आवाजासाठी मी तिच्यापुढे एक श्वास अडखळले होते, त्याला आता माझ्याखेरीज साक्षीदार उरला नव्हता. आईने डब्यावर झाकण का ठेवले हे विचारावे, तर आईला जाऊन वर्ष झाले होते.

निघताना मागच्या पडवीत गेले. जर्मनचा डबा कोनाड्यात होता. परत आलेल्या दिवसापासून आईने तो कुणाकडे पाठवला नव्हता. कळवा तिथून एका खाडीच्या अंतरावर होता, आणि चौकशी केली असती तर तिचे घर सापडलेही असते. पण डब्यात काय घालून नेणार होते मी? अंगठा दाबून मी झाकण बसवले आणि डबा होता तिथे ठेवला.