लिसावेरींचं दुसरं घर

झेनेल लिसावेरी परक्या गावात गेला की लोकांच्या दारावरच्या घंट्या वाचतो. वाजवत नाही, नुसत्या वाचतो. जर्मनीत घंटेशेजारी आडनाव लिहिलेलं असतं. इमारतीत आठ बिऱ्हाडं असली तर आठ आडनावं एकाखाली एक. एकदा आमची दोन्ही कुटुंबं मिळून हॅनोव्हरला गेली होती. तिथे हा गृहस्थ हातात आइसक्रीम धरून एका इमारतीच्या दारात इतका वेळ उभा राहिला, की वरच्या खिडकीतून एका आजीबाईंनी विचारलं, कोण हवंय?

"माझं कुणी आहे का बघतोय," झेनेल म्हणाला.

आजीबाईंनी खिडकी लावून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची बायको हातिजे मात्र शांतपणे पुढे चालत राहिली. तिला सवय होती.

झेनेल कोसोवोतला अल्बेनियन. तिकडे युद्ध पेटलं तेव्हा बायकोला घेऊन जर्मनीत आला आणि ब्राउनश्वाइगला फरशा बसवण्याच्या कामाला लागला. अजून तेच करतो. आमची ओळख झाली ती बागेमुळे. गावाबाहेर इथे जमिनीचे छोटे तुकडे भाड्याने मिळतात, श्रेबरगार्टन म्हणतात त्याला. एक लाकडी खोली, चार वाफे आणि खंडीभर नियम. आमच्या तुकड्याला लागून त्याचा तुकडा. पहिल्याच वर्षी त्याच्या भोपळ्याचा वेल कुंपणावरून येऊन माझ्या मेथीवर ऐसपैस पसरला. मी तोंडाची फटकळ, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे एकमताने मान्य आहे. मी तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये त्याला जे काही सुनावलं, ते त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं, वेल उचलून आपल्या बाजूला वळवला आणि विचारलं, "तुमचं आडनाव काय?"

मला वाटलं, हा आता माझी तक्रार करणार. "कुलकर्णी," मी ठसक्यात सांगितलं.

"किती आहात तुम्ही?"

असला प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, पुण्यात दगड भिरकावला तर एखाद्या कुलकर्ण्याला लागेलच. मी थट्टेने बोलले, पण तो हसला नाही. "किती छान," एवढंच म्हणाला. मग घरून आणलेली चीज घातलेली भाकरीसारखी पोळी त्याने कुंपणावरून पुढे केली. भांडण तिथेच मिटलं, ते आजतागायत.

लिसावेरी हे आडनाव त्याच्या गावाबाहेर कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या भाषेत लिस म्हणजे ओकचं झाड आणि वेरी म्हणजे उत्तर दिशा. गावाच्या उत्तरेला टेकडीवर एक जुना ओक होता, त्याच्या सावलीत दोन भाऊ राहायचे. पाण्यावरून त्यांचं भांडण झालं आणि एक भाऊ बायकोमुलांसकट निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. राहिलेल्या भावाचा वंश म्हणजे झेनेलचं घराणं. ही गोष्ट त्याच्या आजोबांनी त्याला सांगितली होती आणि त्याने ती मला इतक्यांदा सांगितली, की भांडणात कुदळ कुणी उगारली हेही मला पाठ झालं. राहिलेल्या घराण्यात तरी कोण उरलं होतं? काका निपुत्रिक वारले. झेनेलचा सख्खा भाऊ युद्धात बेपत्ता झाला. त्या भावाबद्दल तो कधी बोलायचा नाही. पण निघून गेलेल्या त्या दुसऱ्या भावाबद्दल, ज्याला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली असतील, त्याच्याबद्दल तो असा बोलायचा, की जणू आत्ता भाजी आणायला गेलाय आणि येईलच. मी त्यावर त्याला खूप चिडवायची. भाऊ बेपत्ता असल्याचं हातिजेकडून कळलं, त्या दिवसापासून चिडवणं बंद केलं.

त्याला एकच मुलगी, व्योसा. इथेच जन्मली, इथेच शिकली. हुशार, बापावर जीव टाकणारी. नोकरीसाठी ती हायडलबर्गला गेली आणि एका संध्याकाळी, बापाचीच मुलगी ती, एका इमारतीच्या दारात घंट्या वाचत उभी राहिली. चौथी घंटा लिसावेरी. बाप कधी वाजवायचा नाही, हिने वाजवली.

दार दार्दानने उघडलं. वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा, दाढी राखलेला, सरळ मुलगा. तो वडिलांबरोबर राहत होता. वडील हायदार, विधुर, निवृत्त बसचालक. त्यांचं कुटुंब कोसोवोच्या दुसऱ्या टोकाकडून आलेलं. आपलं आडनाव कुठून आलं हे हायदारला माहीत नव्हतं, त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते.

पुढचं व्योसाने घरी सांगितलं नाही. वर्षभर सांगितलं नाही. त्या वर्षात ती आणि दार्दान एकमेकांच्या प्रेमात पडले, लग्न करायचं ठरवून बसले, आणि मग तिने तो बेत आखला. तो बेत आठवला की मी आजही कपाळावर हात मारते. बाबांनी जन्मभर ज्या नावाचा माणूस शोधला, त्याच नावाचा जावई त्यांच्यासमोर उभा करायचा. मुलगी लग्न करून जाईल पण नाव तेच राहील. बाबा आनंदाने वेडे होतील, असा तिचा हिशेब.

झेनेल खरंच आनंदाने वेडा झाला. जून महिन्यातला रविवार होता, बागेत ग्रिल पेटवलं होतं, मला आणि माझ्या नवऱ्याला, श्रीपादला, मुद्दाम बोलावलं होतं. व्योसा दोघांना घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हे हायदार लिसावेरी." झेनेलच्या हातातला चिमटा खाली पडला. त्याने हायदारला मिठी मारली आणि सोडेचना. मग ओकची गोष्ट सुरू झाली, कुदळीसकट. हायदार ऐकत होता आणि रडत होता. त्यालाही पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं, की तू कुठला.

"तुम्ही धाकट्याचे," झेनेल म्हणाला. "आम्ही थोरल्याचे. आपण भाऊ." आणि दार्दानला जवळ ओढून, व्योसाचा हात त्याच्या हातात देऊन तो म्हणाला, "हिला भाऊ नव्हता. आजपासून आहे."

मी व्योसाकडे बघत होते. तिने काकडीच्या कोशिंबिरीचं भांडं टेबलावर ठेवलं आणि खोलीत निघून गेली.

त्यांच्यात एका मूळपुरुषाच्या वंशात लग्न होत नाही. किती पिढ्या गेल्या याला महत्त्व नाही. एका रक्ताची मुलं म्हणजे बहीणभाऊ, विषय संपला. आमच्याकडे सगोत्र म्हणतात ते हेच, फक्त आमच्याकडे हल्ली मुलगा चांगल्या नोकरीत असला की गोत्राकडे काणाडोळा करतात. जर्मनीत वाढलेल्या व्योसाला हा नियम पुस्तकात वाचल्यासारखा माहीत होता. तो आपल्याला लागू होईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात बसून रडली. मी म्हटलं, "अगं, दोघं सज्ञान आहात, इथला कायदा तुमच्या बाजूने आहे. जा आणि करा लग्न."

"बाबांशिवाय करणार नाही," ती जर्मनमध्ये म्हणाली. "आणि बाबांना आता कसं सांगू? इतके खूश मी त्यांना आयुष्यात बघितले नाहीत."

ते खरंच होतं. झेनेल दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला होता. हायदार दर पंधरा दिवसांनी आगगाडीने यायचा. दोघं बागेत बसून काही न बोलता कांदे सोलायचे. रस्त्यात कुणीही भेटलं की झेनेल ओळख करून द्यायचा, "हा माझा भाऊ." ते बघून मला बरं वाटायचं, आणि लगेच व्योसाचा चेहरा आठवायचा. श्रीपाद म्हणायचा, "सुमेधा, प्लीज, तू यात इंटरफिअर करू नकोस." मी चार महिने केलं नाही. माझ्या हिशेबाने हे तपच म्हणायचं.

शेवटी व्योसाने आईला सांगितलं आणि हातिजेने झेनेलला. त्यानंतर झेनेल बागेत येईनासा झाला. घेवडा वेलीवरच वाळला. हायदारचा फोन आला की तो उचलायचा नाही. दार्दानने हायडलबर्गला घरी काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे बिचारा हायदार मला फोन करून विचारायचा, "माझं काही चुकलं का?"

ऑक्टोबरमध्ये एकदा झेनेल बागेत दिसला, वाफे उकरत होता. मी कुंपणाशी गेले आणि बांध फुटला.

"झेनेल, माझं माहेरचं आडनाव कुलकर्णी आणि सासरचंही कुलकर्णी. लग्नात मला सहीसुद्धा बदलावी लागली नाही. गोत्रं वेगळी, गावं वेगळी, नाव एकच. कुणाला काही वाटलं नाही. तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे की हे तुमचेच? एका आजोबांच्या गोष्टीवर पोरीचा जन्म टांगून ठेवणार?"

तो फावड्यावर हात ठेवून उभा राहिला. "या," तो जर्मनमध्ये म्हणाला. म्हणजे हो. मग फावडं कुंपणाला टेकवून, "तुम्ही पुष्कळ आहात, सुमेधा. तुमचे कुलकर्णी एकमेकांचे कुणी नसले तरी चालतं. आम्ही दोन घरं आहोत."

मी घरी आले आणि श्रीपादने "काय झालं?" विचारल्यावर उगीचच त्याच्यावर डाफरले.

नोव्हेंबरात झेनेलने सगळ्यांना घरी बोलावलं. हायदार आणि दार्दान आले. आम्हालाही बोलावणं होतं. बैठकीत कॉफी आली. व्योसाने ट्रे फिरवला. झेनेलने कोट घातला होता. कप खाली ठेवून तो उभा राहिला आणि हायदारकडे बघत म्हणाला,

"मी तुला जूनमध्ये एक गोष्ट सांगितली. ती खरी नाही."

हायदारने कप खाली ठेवला.

"ओकपाशी दोन भाऊ नव्हते. माझा पणजोबा डोंगरापलीकडून आला, वेगळ्या कुळातला. नावं लिहून घ्यायला सरकारी माणूस आला, तेव्हा त्या झाडाजवळ जो जो राहत होता त्याला त्याने लिसावेरी लिहिलं. तुझेही कुणी तिथले असतील. शेजारी असतील. रक्ताचे नाहीत."

"पण तू तर म्हणालास..." हायदार पुटपुटला.

"मला भाऊ हवा होता, म्हणून म्हणालो."

हायदारने त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या मुलाकडे, मग ट्रे छातीशी धरून उभ्या असलेल्या व्योसाकडे. बसचालक असला तरी माणूस अडाणी नव्हता. सगळं त्याच्या लक्षात येत गेलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मग तोही उभा राहिला, कोटाची बटणं लावली आणि औपचारिक आवाजात म्हणाला, "झेनेल लिसावेरी, आपण एकमेकांचे कुणी नसू, तर मी माझ्या मुलासाठी तुझी मुलगी मागायला आलो आहे."

"दिली," झेनेल म्हणाला.

हातिजेला हुंदका फुटला. व्योसा बापाच्या गळ्यात पडली. श्रीपादने चष्मा पुसला. मी गप्प बसले, मी! कारण त्या घरच्यांखालोखाल ती कुदळीची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा मीच ऐकली होती, आणि पणजोबा डोंगरापलीकडून आल्याचं इतक्या वर्षांत माझ्या कानावर कधीच आलेलं नव्हतं.

मेमध्ये लग्न झालं. नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, दोघांपैकी कुणाचं आडनाव घेणार? दार्दान म्हणाला, "तिचं." व्योसा म्हणाली, "त्याचं." बाईंनी कागद बघितला आणि त्यांना हसू आवरेना. हॉलमध्ये हायदारच्या बाजूच्या एका पाहुण्याने झेनेलला विचारलं, तुम्हीही लिसावेरी का, मग हे तुमचे कोण? "व्याही," झेनेलने स्पष्ट सांगितलं. "नावं योगायोगाने सारखी." संध्याकाळपर्यंत दहाजणांनी तरी विचारलं असेल. दहाही वेळा त्याने न चुकता हेच सांगितलं, आणि हायदार शेजारी उभा राहून मान डोलवत होता.

हायदार आता दर पंधरा दिवसांनी येत नाही. व्याह्यांच्या घरी असं ऊठसूट जाणं त्यांच्यात बरं दिसत नाही. सणाला येतो, मिठाईचा डबा घेऊन येतो, कोट घालून बसतो, जेवून जातो. दोघं अगदी आदराने बोलतात.

परवा बागेत मी मेथी खुडत होते आणि झेनेल पलीकडे वेलीला काठ्या रोवत होता. मला राहवलं नाही. मी विचारलं, "एकदा खरं सांगा. कुठली गोष्ट खरी? आजोबांची की तुमची?"

त्याने काठी रोवून झाल्यावर हात झटकले. त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्याने काही खटपट केली नाही.

"मुलगी सगळेच देतात, सुमेधा," तो म्हणाला. "मी भाऊही दिला."