मोरीमागची वनजाई

श्रीपादरावांना वाकडं काही खपत नसे. पिंपरीच्या कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. सूतभर फरक निघाला तरी माल परत पाठवायचे. घरी आले की हाच जाच कुंपणाला. वसाहतीतल्या त्यांच्या क्वार्टरपुढचं कोयनेलीचं कुंपण दर रविवारी दोरी लावून कापलं जाई. शेजारी म्हणत, "राव, कोयनेल असावी तर तुमच्यासारखी!" राव फुलून जात. कोयनेल मात्र कधी फुलली नाही.

रोपं त्यांच्या बायकोच्या, सुहासिनीबाईंच्या माहेरची, हर्णैच्या किनाऱ्यावरची. त्या कोयनेलीला वनजाई म्हणत. मोरीमागचं एक झुडूप त्यांच्या आईनं स्वतः वाळूतून उकरून दिलेलं. "अहो, तेवढं एक कापू नका. एकदा फुलू दे, आईला कळवायचंय." रावांनी नाक मुरडून कबूल केलं.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर तार आली, आई अत्यवस्थ. बाई नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या, त्या तेरावा करूनच परतणार होत्या.

बायको रडून-थकून येणार, तिच्यासाठी काहीतरी करावं असं रावांना फार वाटलं. स्वयंपाक येत नव्हता, सांत्वन तर त्याहून नाही. येत होती ती एकच गोष्ट. त्यांनी अंगण झाडलं, दोरी बांधली, कुंपण कापलं. मग मोरीमागचं झुडूप दिसलं, झिंज्या सोडून बसलेलं. दुःखाच्या घरात हे अवलक्षण कशाला, असं म्हणून शब्द दिलेला माणूस कात्री घेऊन तिकडे वळला. खाली काय पडतंय ते पाहिलंसुद्धा नाही. मालातला सूतभर फरक ओळखणारे ते डोळे त्या दिवशी कुठे गेले होते कोण जाणे!

तेराव्यानंतर परतून मोरीवर पाय धुवायला गेलेल्या बाईंनी ढिगातून एक फांदी उचलली. कळ्याच कळ्या, आणि एक उमललेलं पांढरं फूल.

"आई शुद्धीवर आली की विचारायची, फुलली का गं तिकडे?" त्या म्हणाल्या. "मी म्हणायचे, आज-उद्या फुलेल." मग फांदी खाली ठेवली. "कुंपण छान झालंय हो."

त्या रागावल्या असत्या, भांडल्या असत्या, तर रावांना बरं वाटलं असतं.

त्यानंतर रावांनी कात्रीला हात लावला नाही. शेजारी नावं ठेवू लागले, ठेवू देत. पुढच्या वर्षी मोरीमागं पांढरंशुभ्र झालं. ते धावत दाराशी आले. "अगं, बाहेर ये! फुललीय बघ!"

बाई चुलीवरचं दूध उतरवत होत्या. "बघा तुम्ही," त्या आतूनच म्हणाल्या. "मी आता कुणाला कळवू?"