पाणथळीतले लाल धान

निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. खून, दरोडे, शेताच्या धुऱ्या-बांधावरच्या मारामाऱ्या यांतली बरीच प्रकरणे डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. अहेरी उपविभागातल्या एका लहानशा ठाण्यातली ही घटना मात्र अजून जशीच्या तशी सांगता येते. त्यात कोणाचा खून झाला नव्हता. नावे लिहीत नाही, कारण ती माणसे अजून त्याच गावांत राहतात.

थंडीचे दिवस होते, आठवडी बाजाराचा वार. सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी पाहत होतो. बाहेरून ठाणे अंमलदाराचा हसरा आवाज आला, "बाई, पाखराची तक्रार इथी नाई घेत. वनविभागात जा."

मी बाहेर आलो. पन्नाशी ओलांडलेली एक ढिवर बाई टेबलासमोर उभी होती. नदीच्या खोऱ्यात वन्यजीवांसाठी राखलेली मोठी पाणथळ आहे. तिच्या हद्दीला लागून या बाईचे गाव. जन्म मासेमारीत गेलेला. तिने टेबलावर गाठोडे सोडले होते आणि त्यात एक मोठा मेलेला पक्षी होता. करडे पंख, पांढरे डोके, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे.

"तिथी जाऊनच आली, साहेब. कोनी भेटलं नाई," ती म्हणाली. "हा राजहंस गोळीनं नाई मेला. चोचीले फेस पाहा. आन् असेच पाखरं परवा बाजूच्या गावच्या बजारात लोकाईनं घरी नेले. खाऊन मानूस मेला, त मंग तुमीच येसान ना पंचनाम्याले?"

ठाणे अंमलदाराचे हसू थांबले. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, रस्त्याच्या कामावरचे एक मजूर जोडपे कालपासून दाखल आहे. उलट्या, घाम, बाहुल्या आकसलेल्या. नवरा सावरतोय, बायको शुद्धीवर नाही. कीटकनाशकाची विषबाधा दिसते, पण विष कुठून आले ते कळत नाही. मी विचारले, "त्यांनी काय खाल्लं?" डॉक्टरांनी नवऱ्याला विचारून सांगितले, "पाखराचं मटण."

मी लगेच दोन शिपाई बाजारात पाठवले आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दवंडी दिली की कोणीही रानपक्षी घेऊ नये, घेतला असेल तर ठाण्यात जमा करावा. पक्षी विकणारा माणूस पोलीस पाहताच पोते टाकून पळाला. त्याला ओळखणारे कोणी नव्हते. पक्षी दुसऱ्याकडून आणतो असे तो गिऱ्हाइकांना सांगत असे, एवढेच कळले.

विष कुठे टाकले जाते ते पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाईच्या डोंग्यात बसलो. सोबत एक वनरक्षक होता. बाई वल्हवत होती. धुके इतके की डोंग्याचे टोक दिसत नव्हते. थोडे आत गेल्यावर दुरून गलबला ऐकू आला. दूरवर माणसांचा मोठा बाजार भरावा तसा. माझा हात सवयीने कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. बाईने मान हलवली. "बसा, साहेब. तेच पाखरं हायेत."

मग धुके विरळ झाले आणि मला दिसले की समोर पाणी नव्हतेच. जिथवर नजर जाईल तिथवर पक्षी होते. एवढ्यात वरून एक ससाणा खाली आला आणि ते सगळे एकदम उठले. पंखांचा वारा तोंडावर आला, अंगावर पाण्याचे थेंब पडले, डोंगा हलला. ते डोक्यावरून जात होते, जात होते, आणि संपत नव्हते. मी माजरीचा. वडील कोळशाच्या खाणीत होते, आमच्या आकाशात धूळ असायची. या ठाण्यात मला दोन वर्षे झाली होती आणि ही पाणथळ मी नकाशावर गस्तीचा एक टप्पा म्हणून पाहिली होती. मी टोपी कधी काढली ते मला कळले नाही.

वनरक्षक हळूच म्हणाला, "पट्टकादंब, साहेब. इथले लोक राजहंस म्हणतात. हिमालयावरून उडून येतात. पलीकडच्या तळ्यांवर यांची घरटी असतात."

पलीकडच्या काठावर चिखलात मेलेले पक्षी पडले होते. पंचनामा सुरू केला. वनरक्षकाने एका पक्ष्याचे पोट उघडले, त्यातून धान निघाले. तेच धान काठावरही विखुरलेले होते, उग्र वासाचे. बाईने चार दाणे झाडाच्या पानावर घेऊन जवळून पाहिले. तूस लाल होते. मी विचारले, "ओळखता का, बाई?"

तिने पान खाली ठेवले आणि डोंग्यातली जाळी विनाकारण उलगडून पुन्हा गुंडाळू लागली. माणूस खोटे बोलतो तेव्हा जास्त बोलतो. ज्याला खरे माहीत असते आणि सांगवत नाही, तो हातांना काम शोधतो. मी घाई केली नाही. परतताना अर्ध्या वाटेत तिने वल्हे थांबवले.

"नाव सांगतलं त त्याले मारसान काय?"

"नाही. माझा शब्द."

"हा लाल धान आता कोनी पेरत नाई. फक्त माहा भाऊ पेरते. खायापुरता."

भावाला ठाण्यात आणले. साठीचा, वाळलेला माणूस. चहा दिला, खुर्ची दिली. तासभर तो एकच वाक्य बोलत राहिला, "मी शेती करतो, साहेब. पाखरं मारत नाई." मी दाणे समोर ठेवले, तरी तेच. बाई व्हरांड्यात बसून होती. शेवटी मी त्याला दवाखान्यातल्या मजूर बाईबद्दल सांगितले.

त्याने वर पाहिले. "कोन बाई? माल त शहरात जाते म्हने तो."

एवढे बोलून त्याला कळले की आपण काय बोललो. त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "मेली काय ते?"

"अजून नाही. बाकीचे पक्षी कुठे आहेत ते सांगितलं तर दुसरं कोणी मरणार नाही."

मग तो थांबला नाही. धान कापल्यावर जमिनीच्या ओलीत पेरलेले त्याचे लाखोळीच्या डाळीचे पीक राजहंस दर थंडीत चरून टाकत. अर्ज केले, कोणी पाहायला आले नाही. या वर्षी रागाने धुऱ्यावर विषाचे धान टाकले. मेलेले पक्षी एका व्यापाऱ्याने पाहिले आणि म्हणाला, आणखी टाक, मी घेऊन जातो. तेव्हापासून तो पाण्याच्या काठापर्यंत जाऊन टाकत होता. "आज दुपारी गाडी जाते, साहेब. पोते भरून हाय."

नाक्यावर गाडी अडवली. चार पोती पक्षी आणि तो व्यापारी, दोन्ही ताब्यात आले. बाजारात विकणाऱ्याला थोडे पक्षी तोच देत होता. ते मटण शहरातल्या किती ताटांत गेले असते याचा विचार मी आजही करू शकत नाही. मजूर बाई चौथ्या दिवशी बोलली. तिने आधी पाणी मागितले.

वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. कोठडीत असताना भावाने स्वतःहून सांगितले की विष कुठे कुठे टाकले ते फक्त त्यालाच माहीत आहे, तोच ते वेचून देईल. त्याला बंदोबस्तात नेले. तो गुडघाभर चिखलात उतरून दाणे वेचत होता, आणि दुसऱ्या बाजूने त्याची बहीण वेचत होती. दुपारी तिने डबा उघडला आणि भाकरीचा अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. शिपायाने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

खटला उभा राहिला तेव्हा बाई साक्षीला आली. एवढे विष कोणी टाकले, असे सरकारी वकिलांनी विचारल्यावर तिने भावाकडे बघून त्याचे नाव सांगितले. त्याने मान हलवली आणि न्यायाधीशांना म्हणाला, "ते खरं सांगून राह्यली." भावाला आणि व्यापाऱ्याला शिक्षा झाली, व्यापाऱ्याला जास्त.

बाहेर आल्यावर मी तिला विचारले की सख्ख्या भावाविरुद्ध बोलायला बळ कुठून आणले. ती म्हणाली,

"त्याईचं गाव आमाले ठाव नाई, साहेब. आमचं पानी त्याईले ठाव हाय. एवढ्या दुरून भरवशानं येतेत. मंग पान्याजवळ राहून मी गप कशी बसू?"

तोवर मी समजत होतो की तक्रार करणारा नेहमी स्वतःसाठी काही मागायला ठाण्यात येतो. हजारो माणसांचे जबाब घेऊन मी तसे ठरवून टाकले होते. त्या बाईने स्वतःसाठी काहीच मागितले नव्हते, उलट घरचे माणूस दिले होते, तेही ज्यांना बोलता येत नाही अशांसाठी. पुढच्या थंडीत माझी बदली झाली. जाण्याआधी एका सकाळी मी एकटाच त्या काठावर गेलो. भाऊ तुरुंगात होता, त्याच्या शेतात बहिणीने पेरलेल्या लाखोळीत राजहंस चरत होते, आणि बाई धुऱ्यावर उभी राहून हातातल्या फडक्याने त्यांना हळूहळू पाण्याकडे हाकत होती.