काळ्या यादीतलं वायफाय

दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका छापखान्यातले साठ कॉम्प्युटर सांभाळतात. सगळे लिनक्सवर. नेट बंद पडलं की लोक त्यांना बोलावतात, आणि नेट सुरू व्हायच्या आधी व्याख्यान सुरू होतं. विषय ठरलेला. वायर खानदानी, वायफाय उंडगं.

वायर आणि वायफाय ही दोन्ही कार्डं चालवणारे ड्रायव्हर एकाच मशीनमध्ये भांडायला लागले की दाजींचा इलाज एकच. 'एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत,' असं म्हणायचं आणि वायफायच्या ड्रायव्हरचं नाव काळ्या यादीत टाकायचं, म्हणजे मशीन त्याला सुरूच करत नाही. मॅनेजरसाहेबांचा लॅपटॉपही त्यांनी असाच बरा केला. तेव्हापासून साहेब मीटिंगला निघाले की त्यांच्यामागून लांबलचक वायर निघते.

घरीही तोच कायदा. भाचीच्या कॉम्प्युटरवर वायरचा ड्रायव्हर दाजींनी स्वतः बसवला होता, आणि त्याची कथा ऐकल्याशिवाय पाहुण्यांना चहा मिळत नसे.

भाचीची मुलाखत होती, अकरा वाजता, व्हिडिओवर. आधीच्या दोन ठिकाणी नकार आला होता, त्यामुळे पोरगी आठवडाभर नीट जेवली नव्हती. सव्वादहाला दाजी म्हणाले, "सगळं अपडेट करून घेऊ. ऐनवेळी दगा नको."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! अपडेटमध्ये लिनक्सचा गाभाच, म्हणजे कर्नल, बदलला. अडगळ नको म्हणून दाजींनी जुना लगेच पुसूनही टाकला. मग कळलं की त्यांचा ड्रायव्हर जुन्या गाभ्याच्या मापाचा होता आणि नव्यावर तो हलेना. तो पुन्हा बसवायला लागणारं सामान नेटवर, आणि नेट तर बंद.

"बाबा, काळ्या यादीतली वायफायची ती ओळ काढा," भाची म्हणाली. "राउटर समोर आहे."

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मुलाखत तुमचं तत्त्व देणार आहे का?" ताईनं विचारलं.

यादी बदलायचा पासवर्ड फक्त दाजींना ठाऊक. मला त्यांचा खरंच राग आला. पोरगी घड्याळाकडे बघत होती आणि हे वायर काढून पुन्हा खोचत होते. अकराला आठ मिनिटं असताना त्यांनी मान फिरवून पासवर्ड टाइप केला, जणू बोटं दुसऱ्याचीच. भाचीनं ओळ पुसली, मशीन पुन्हा सुरू केलं, वायफाय लागलं.

आम्ही तिघं दाराबाहेर उभे. आतून प्रश्न ऐकू आला, "दोन सहकारी एकाच कामावरून भांडत असतील तर?"

"दोघांनाही ठेवीन," भाची म्हणाली. "आधी कोणी जायचं तेवढं ठरवून देईन. एकाला हाकललं, की दुसरा आजारी पडेल त्या दिवशी काम बसतं."

"हे कुठे शिकलात?"

"घरी. वडिलांकडून."

दाजींचे डोळे भरून आले. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

नोकरी लागली, पोरगी दूरच्या शहरात गेली. छापखान्यात दाजी सांगतात, सगळी आपलीच शिकवण. साठ कॉम्प्युटरांवरची काळी यादी मात्र जिथल्या तिथे आहे.

परवा संध्याकाळी गेलो, तर दाजी लॅपटॉप हातात घेऊन लेकीला घर दाखवत हिंडत होते. तिची खोली, तिचं कपाट, खिडकीतली तिची कुंडी. वायर कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली. मी वायरकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"पुसायला काढली आहे," ते म्हणाले आणि लेकीला घेऊन गच्चीवर गेले.