काळी पट्टी लावलेला पेला

ब्रिस्टलच्या आमच्या ऑफिसचं किचन वरच्या मजल्यावरच्या लॅबशी शेअर्ड होतं. तिथल्या एक बाई दुपारी थर्मल कॅमेरा घेऊन खाली यायच्या. ज्वालामुखी किती तापलाय ते लांबूनच मोजायचा कॅमेरा. किटली, रेडिएटर, दिसेल त्यावर तो रोखायच्या आणि मग तिथेच उलटा हात लावून बघायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. माझी टीम घरूनच काम करायची. मी कोपऱ्यात एकटाच डबा खायचो.

एकदा त्यांनी माझ्या स्टीलच्या पेल्यावर कॅमेरा धरला. चहा वाफाळत होता, पण स्क्रीनवर पेला जवळजवळ गारच. मला वाटलं, कॅमेरा बिघडला.

"बिघडला नाही," त्या म्हणाल्या. "चकचकीत वस्तू स्वतःची उष्णता फारशी दाखवत नाही, समोरच्याचीच दाखवते. हे बघ, आपण दोघं."

खरंच, स्क्रीनवरच्या पेल्यावर दोन पुसट आकृत्या होत्या.

मग त्यांनी खिशातून काळी चिकटपट्टी काढली आणि तिचा तुकडा पेल्याला चिकटवला. स्क्रीनवर तेवढाच चौकोन पिवळाधमक झाला. "आता चहा कळतो," म्हणत त्यांनी सवयीनं उलटा हात लावलाच.

पुढे त्या कॅमेरा घेऊन सिसिलीच्या ज्वालामुखीवर गेल्या आणि लॅबही दुसऱ्या बिल्डिंगमध्ये हलली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पेला धुताना मी त्या पट्टीला घासणी लागू देत नाही. बाकीच्या स्टीलमध्ये मी एकटाच दिसतो.