पिवळ्या पुस्तकातला होडीवाला

पुस्तकं वाचून माणूस सुधारतो असं कोणी बोलायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जायचो. मी चौथी शिकलो, तीही रडतखडत. आमचा धंदा गणपतींचा. हमरापुरात ज्याच्या घरात पाय ठेवाल तिथं गणपती, तसे आमच्याही घरात. मला वाचता येत नाय असं नाय. येतं. पण एकेक अक्षर उचलून, बाजारात पेरू चाचपल्यासारखं. वाक्याच्या शेवटाला पोचतो तोवर सुरुवात विसरलेली असते.

माझी बायको सातवी पास होती. तीन यत्ता जास्त. या तीन यत्ता तिनं मला सगळा संसारभर ऐकवल्या.

तिचे गुडघे गेले तेव्हापासून ती महिन्यातून एकदा डॉक्टरला दाखवायला रोह्याला जायची. लेक तिथंच वरसेला राहते. लेकीनं तिला रोह्याच्या वाचनालयात नेऊन सभासद केलं. आईला तेवढाच विरंगुळा. आणि एक दिवस ही बाई पिशवीतून औषधांबरोबर एक जाडजूड पिवळं पुस्तक घेऊन आली. कव्हरवर उगवता सूर्य आणि डोंगरावर हात पसरून उभा असलेला एक माणूस. आत काय, तर आनंदानं कसं जगावं, मन कसं साफ ठेवावं, श्रद्धा कशी धरावी, दुसऱ्याचं मन कसं ओळखावं.

मी म्हटलं, "अगो, इथं गणपतींची सोवळी रंगवायची पडली हायत ढिगानं, आणि तू हा हात पसरलेला माणूस कुठून आणलास?"

"तुमी रंगवा," ती म्हणाली. "मी वाचते. कान तर रिकामेच हायत तुमचे."

गुडघ्यांमुळं तिला खाली बसून रंगकाम होत नव्हतं. मग ती कारखान्यात खुर्ची टाकून बसायला लागली. मी डोळ्यांची आखणी करायचो, माझी धाकटी भावजय आणि शेजारच्या दोघी सोवळी आणि शेले रंगवायच्या. दुपारची जेवणं झाली की हिचं वाचन सुरू. ऐकणारे आमी चौघं, आणि फळ्यांवर सुपाएवढे कान घेऊन बसलेले बाकीचे.

खरं सांगतो, सुरुवातीचा उपदेश मला झोप आणायचा. सकाळी उठून आरशासमोर हसा म्हणे. माझे दात रात्री वाटीत असतात. तरी एकदा हसून बघितलं. समोरच्या माणसाला काय झालंय तेच कळेना.

पण चार-आठ दिवसांनी पुस्तकात एक होडीवाला आला आणि माझी झोप उडाली.

हा होडीवाला म्हातारा होता. खाडीतून मिठाच्या गोणी वाहायचा. दिवसभर ढुंगणाखाली मीठ, आणि घरी जेवायला बसला की पहिला शब्द, "कालवणात मीठ कमी हाय." बायको मिठाची बरणी त्याच्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, तुमचंच हाय." मला फार हसू आलं. असा माणूस मी पाहिलाच नव्हता. पुस्तकातली खाडी आमच्या खाडीसारखी, चिखल तसाच, बायको "अवो" म्हणणारी. मला वाटलं, लिहिणारा आपल्याकडचाच कोणी असेल.

मग रोज थोडा उपदेश आणि मग होडीवाला असं चालू झालं. उपदेशात म्हणायचं की दुसऱ्याचं कौतुक करावं, आणि लगेच होडीवाल्याची बायको नवीन लुगडं नेसून समोर यायची. हा काय म्हणाला? "आणखी एक?" मी ब्रश खाली ठेवून ओरडलो, "अरे गाढवा, चांगली दिसतेस म्हण ना! तोंडाला काय लकवा मारलाय?"

भावजय खाली मान घालून खोकायला लागली. शेजारणींपैकी एक उठून बाहेरच गेली. माझी बायको पुस्तक तोंडासमोर धरून बसली होती, तिचे खांदे हलत होते. मी म्हटलं, रंगाचा वास चढला असेल सगळ्यांना.

श्रद्धेचं प्रकरण आलं तेव्हा होडीवाला देवाला फक्त भरकटल्यावर हाक मारायचा आणि काठाला लागला की विसरायचा. मी म्हटलं, "असल्या माणसाच्या घरी देव कशाला येईल?" भावजय म्हणाली, "व्हय भावजी, तुमच्याकडं बघा कसे रांगेनं येतात."

एक गोष्ट मात्र झाली. त्या वर्षी मूर्ती न्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, यंदा तुमचे गणपती गालात हसतायत. मी काही मुद्दाम केलं नव्हतं. मी स्वतः हसत होतो आणि हात आपोआप तसा वळत होता. होडीवाल्याला शिव्या घालता घालता मी घरातही थोडा बदललो असेन. एकदा कोलंबीचं कालवण खाऊन "चांगलं झालंय" असं बोलून गेलो. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दोन वर्षं हे चाललं. तेच पुस्तक, तारीख वाढवून घेऊन ती दर महिन्याला परत आणायची. मी कधी विचारलं नाय की एवढं जाडं असलं तरी पुस्तक संपत कसं नाय. मला काय, माझा होडीवाला मिळत होता.

शेवटची दुपार मला नीट आठवते. होडीवाल्याला त्याच्या बायकोनं विचारलं, "मी नसते तर काय केलं असतंत?" आणि हा शहाणा म्हणाला, "दुसरी केली असती." बायको हसली नाय. तिचा चेहरा बघून त्यालाच राग आला आणि तो होडी घेऊन निघून गेला. ओहोटी लागली, होडी खाडीच्या मधोमध चिखलात रुतली. पाय टाकला तर कमरेइतका आत. इकडं बांधावर त्याची बायको येऊन उभी राहिली. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर. दोघंही गप्प. शेवटी म्हाताऱ्यानं तोंड उघडलं...

आणि हिनं पुस्तक मिटलं.

"अगो, एवढं तर वाच!"

"घसा बसलाय माझा. पुढचं उद्या. तवर तुमीच विचार करा, तो काय बोलला असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दम लागला. गाडी करून नेलं. आठव्या दिवशी ती गेली.

तिच्याबद्दल मी इथं जास्त बोलत नाय. बोलायला गेलो तर जमत नाय. एवढंच सांगतो, दिवसकार्य झाल्यावर मी आखणीला बसलो तेव्हा डोळे रेघेत बरोबर यायचे, पण ते कोणाकडं बघतायत तेच कळायचं नाय.

पिवळं पुस्तक खुर्चीवर तसंच होतं. लेकीचा फोन आला, "बाबा, आईचं पुस्तक वाचनालयाला परत द्यायचंय." मी म्हटलं, "थांब जरा. म्हातारा काय बोलला ते बघतो आणि देतो." मला दुसरं काही नको होतं. त्या चिखलातून तो काय बोलला, एवढंच हवं होतं. तिच्या तोंडचं तेवढं एक वाक्य माझं राहिलं होतं.

मी बोट ठेवून वाचायला लागलो. दीड महिना लागला. आरसा आला, कौतुक आलं, श्रद्धा आली. डोंगरावरचा हात पसरलेला माणूस तीनदा आला. होडीवाला आला नाय. होडी नाय, मीठ नाय, खाडी तर औषधालासुद्धा नाय. मी शेवटाकडून सुरुवातीकडं वाचून बघितलं. मग माझं डोकं सणकलं. कोणीतरी पानं फाडली होती.

रामवाडीला जाऊन एसटी पकडली आणि तडक रोह्याचं वाचनालय गाठलं. टेबलामागं एक बाई बसल्या होत्या. मी पुस्तक त्यांच्यापुढं आपटलं.

"हे फाटकं पुस्तक दिलंत तुमी."

"कुठं फाटलंय काका?"

"होडीवाला काढून घेतलाय कोणीतरी यातला."

त्यांनी बिचाऱ्यांनी सगळी पानं मोजली. एकही कमी नव्हतं. कपाटातून तेच पुस्तक दुसरं आणलं, तेही उलटंसुलटं बघितलं. "यातही होडीवाला नाहीये काका."

"मग तुमच्याकडं सगळीच फाटकी!"

वर्तमानपत्र वाचणारे दोघंतिघं माझ्याकडं बघायला लागले. बाईंनी शांतपणे विचारलं, "हे पुस्तक नेत कोण होतं?"

मी सांगितलं. त्यांचा चेहराच बदलला. "चष्म्याला दोरी बांधलेल्या मावशी? बऱ्याच दिवसांत आल्या नाहीत."

"आता नाय यायच्या," मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणजे ते गणपतीवाले का? मी मावशींना एकदा विचारलं होतं, हेच पुस्तक किती वेळा नेणार, दुसरं घ्या की. तर म्हणाल्या, मला वाचायला नको हाय गो, हातात धरायला हवंय. घरात एक माणूस हाय. बायकोनं सांगितलेलं त्याच्या कानात शिरत नाय. छापलेलं शिरतं."

मी तिथल्या बाकावर बसलो. मिठाची बरणी आठवली. आमच्या घरची. लुगडं आठवलं, ते पाडव्याचं होतं, मोरपंखी. आणि ती "मी नसते तर" म्हणाली होती ती कुठल्या पुस्तकात नाय, आमच्या ओटीवर, चहाच्या वेळेला, आदल्याच आठवड्यात. मी काय उत्तर दिलं होतं ते तुमाला ठाऊक हाय.

दोन वर्षं मी स्वतःला गाढव म्हणत होतो, तेही चार बायकांसमोर, आणि गणपतीला साक्षी ठेवून.

एसटीत बसून विचार केला. ती मला सरळ बोलली असती तर मी भांडलो असतो, ताट सरकवून उठलो असतो. पुस्तकाच्या आडोशाला बसून बोलली म्हणून मी ऐकलं, हसलो, वर तिच्याच बाजूनं भांडलो. उपदेश त्या पुस्तकाचा होता, तो काही खोटा नव्हता. पण तो आमच्या घरात शिरायला दार नव्हतं. तिनं पाडून दिलं. आता कोणी म्हणालं की पुस्तकानं माणूस सुधारतो, तर मी पाणी प्यायला उठत नाय. वाचणारं कोण होतं, तेवढं विचारतो.

पण माझा म्हातारा अजून चिखलातच होता. पुस्तकात नव्हता म्हणजे त्याचं पुढचं बोलणं तिच्याबरोबरच गेलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात भावजयीला धरलं. "तुला ठाऊक होतं?"

"सगल्यांना ठाऊक होतं, भावजी."

"मग बोललात का नाय?"

"तुमी इतक्या मनापासून शिव्या घालत होता, मोडवेल कसं?"

शेजारणी फिसकारून हसल्या. मी विचारलं, "मग तो चिखलातून काय बोलला, ते तरी सांगितलं होतं का तिनं?"

"नाय वो," भावजय म्हणाली. "आमीबी विचारलं होतं. बोलली, ते त्याचं त्याला बोलू दे."

एक शेजारीण म्हणाली, "मग बोला की. आमचाबी जीव अडकलाय त्यात."

पुस्तक काही मी परत दिलं नव्हतं, बाईंनीच तारीख वाढवून दिली होती. मी खुर्चीत बसलो, ती धरायची तसं ते तोंडासमोर धरलं. आधी छापलेल्या दोन ओळी वाचल्या, अडखळत. मग म्हटलं, "म्हाताऱ्यानं तोंड उघडलं आणि बांधाकडं बघून ओरडला, 'जेवण झाकून ठेव!'"

"शी!" भावजय म्हणाली. "एवढंच? मग राहू दे त्याला चिखलात."

"तो तसाच हाय. एकदम कसा सुधारेल?"

"भरती यायला अजून वेळ हाय, भावजी. नीट बोलायला लावा त्याला."

मी पुन्हा पुस्तक वर धरलं. अक्षरं दिसत नव्हती, पण ती नकोच होती. "म्हातारा म्हणाला, अगो... म्हणाला, घरात साखरेचा डबा कुठला आणि सोड्याचा कुठला, मला अजून कळत नाय. चहात तीनदा सोडा पडला. तुझी ती काळी चप्पल मी दारातून हलवलेली नाय. दुपारी मला झोप येते, पण वाचायला कोणी नाय म्हणून झोपत नाय."

मग माझ्याच ध्यानात आलं की होडीवाल्याची बायको तर बांधावर उभी होती, जिवंत. त्याला सोड्याचं काय घेणं? मी गोष्ट बिघडवली होती. पुस्तक मिटायला निघालो.

तेवढ्यात भावजय शेल्याची कड रंगवता रंगवता म्हणाली, "तर मग ती बांधावरनं ओरडली, 'बोट बुडवून चाटून बघायला काय होतंय? तीन यत्ता कमी हायत, जीभ तर कमी नाय ना!'"

आवाज भावजयीचाच होता, पण फटका तिचा. आधी शेजारणी हसल्या, मग मी हसलो, इतका की वरचे दात सुटले.

डोळे पुसून मी तिला विचारलं, "हे पुस्तकात हाय का गो?"

"व्हय," ती ब्रश न थांबवता म्हणाली. "पुढल्या पानावर."