दस्त्याला लावा, नळीत नाही

चऱ्होलीच्या पुतळाबाई जत्रेत आल्या आहेत हे लांबूनच कळे. पाळण्याच्या पलीकडे पोत्यांचा पडदा, त्यावर ओळीने बांधलेले रंगीत फुगे, आणि समोर पेटीवर डोक्यावरचा पदर घट्ट खोचून बसलेली बाई, मांडीवर छऱ्याची बंदूक आडवी. बंदूकवाली बाई बघून हसणारे पुष्कळ. नेम चुकला की तेच बंदुकीला नावे ठेवत. पुतळाबाई म्हणत, "बंदुकीकडं काय बघता राव, सोताच्या हाताकडं बघा."

ही बंदूक घरात आली त्यांचे यजमान ज्योतीराम यांच्यामुळे. ते खडकीला एका गोऱ्या साहेबाकडे माळीकाम करीत. साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा बंदूक त्याने ज्योतीरामांना दिली, आणि ती कशी राखायची तेही शिकवले. पुढे सहा-सात वर्षे ज्योतीरामांनी जत्रांतून फुग्यांचा खेळ मांडला. मग डोळ्यांत मोतीबिंदू पडला आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशीच दिसेनाशी झाली. त्या दिवसापासून पेटीवर पुतळाबाई बसल्या आणि ज्योतीराम शेजारी बसून फुगे फुगवू लागले.

हे रुचले नाही ते रंगरावांना. रंगराव ज्योतीरामांचे थोरले चुलतभाऊ, घरातले वडीलधारे. "हत्यार बाप्याच्या हातात शोभतंय. बंदूक माज्याकडं द्या, खेळ मी मांडतो," असे ते दर सणाला म्हणत. पुतळाबाई पदर पुढे ओढून त्यांना चहा देत आणि बंदूक खुंटीला अडकवत.

पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता, त्या सालची गोष्ट. खंडेनवमीला विळे, कोयते, नांगराचा फाळ असे सगळे पाटावर मांडले होते, शेवटी बंदूक. पूजेचा मान रंगरावांचा. त्यांनी फाळाला तेल लावले, कोयत्यांना लावले, आणि बंदुकीपाशी आल्यावर उरलेली वाटी नळीतच ओतली. वरून चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू. "हत्याराचा जीव आत आसतो. आतनं पूजा नगं व्हय?"

त्यात कपट नव्हते, भावच होता. पुतळाबाईंनीही हात जोडले. ज्यांचा खंडोबाचा रविवार कधी चुकला नाही, त्या देवाच्या तेलाला नको कशा म्हणणार? ज्योतीराम पाहुण्यांत बसले होते, त्यांना दिसले नाही.

दिवाळीनंतर तळेगावच्या बाजारात खेळ मांडला आणि पहिल्याच छऱ्याला नळीतून धूर निघाला. हवेच्या दाबावर चालणारी ही बंदूक, तिच्यात दारू नसते की धूर नसतो. आवाज फटाक्यासारखा झाला, छरा पडद्याच्या वरून गेला. दुसरा मातीत घुसला. तिसरा कुठे गेला ते देवालाच ठाऊक. कारखान्यातली चार माणसे उभी होती, त्यांतला एक म्हणाला, "मावशी, बंदूक हाय का चूल?" सगळे हसले. त्या दिवशी एकही फुगा फुटला नाही.

हे कानावर येताच रंगराव थेट उद्धवरावांकडे गेले. चाकणजवळच्या माळावर खंडोबाची चंपाषष्ठीची जत्रा भरते, तिचे उद्धवराव पंच. खेळाला जागा तेच देत. "बाईच्या हातानं हत्यार बाटलं," रंगराव म्हणाले. "देव कोपला म्हणून धूर निगतोय."

उद्धवरावांनी पुतळाबाईंना बोलावून सांगितले, "जत्रेदिवशी समद्यांम्होरं पाच छरे. पाच फुगे फुटले तर जागा तुजी. एक जरी ऱ्हायला, तर जागा रंगरावाची आन बंदूकबी त्येच्याच घरी."

"बरं," पुतळाबाई म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी नळी ज्योतीरामांपुढे धरली. त्यांनी नाकाशी नेऊन वास घेतला. "ह्यात त्याल कुनी वतलं?"

"पूजेचं हाय."

"पूजेचं आसंल, पर धूर त्येचाच हाय. दाबल्याल्या हवेनं त्याल तापतं, पेटतं. आन हळदीकुंकवाचा गाळ खाचांत बसलाय. पुसाय पायजे."

नळीच्या आत मळसूत्रासारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून गरगरत निघाला तरच छरा सरळ जातो. पुतळाबाईंनी जुने धोतर धुऊन त्याच्या चिंध्या फाडल्या, मजबूत सुती दोरी घेतली आणि ओट्यावर बसल्या. एवढ्यात शेजारच्या शालनबाई आल्या. "अगं, देवाचं त्याल पुसतीस? पाप लागंल."

पुतळाबाईंचा हात थांबला. चिंधी तशीच बोटांत राहिली. मग त्या म्हणाल्या, "शालनबाई, सकाळी देवावरचं कालचं फूल काढता का न्हाई?"

"काढते की. निर्माल्य कोन ठिवंल?"

"मग हे बी निर्माल्यच. दीड म्हयना झाला त्याला." आणि त्यांनी दोरी नळीत सोडली.

शालनबाईंनी तारेने खरवडायचे सुचवले, तर ज्योतीराम ओरडलेच, "लोखंड घालायचं न्हाई. खाचा मोडत्याल." छरा भरताना वाकवतात तशी नळी बिजागरीवर खाली वाकवायची, दोरी मागून घालायची आणि चिंधी नळीच्या तोंडाकडे एका दमात ओढायची. पहिल्या चिंधीला किंचित रॉकेल, बाकीच्या कोरड्या. पहिली चिंधी गुलालासारखी लाल निघाली, पुढच्या पिवळ्या, मग काळ्या. पुतळाबाई ओढत राहिल्या. रॉकेलचा वास गेला, चिंधी पांढरी आली, तरी ज्योतीराम बोटांनी चाचपून म्हणाले, "आनखी एक." त्या सगळ्या चिंध्या पुतळाबाईंनी चुलीत घातल्या नाहीत, तुळशीच्या मुळाशी पुरल्या.

"पुसलेली नळी आधी रुसती," ज्योतीरामांनी बजावले. खरेच, बांधावर नेम धरला तर छरे इकडेतिकडे. पुतळाबाई रोज सकाळी देवपूजा उरकून वीस छरे मारीत. चौथ्या दिवशी नळी माणसात आली.

चंपाषष्ठीला माळ भंडाऱ्याने पिवळा झाला होता. तो आत जाऊ नये म्हणून पुतळाबाईंनी नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घातला होता. पाच फुगे बांधले, गर्दी जमली, उद्धवराव पुढे बसले. रंगराव मूठभर भंडारा घेऊन आले आणि बोळ्याला हात घातला. "देवाच्या दारात पयला भंडारा हत्याराला."

पुतळाबाईंनी लाकडी दस्ता खांद्याशी ओढून बंदूक मागे घेतली. थोरल्या दिरापुढे त्या कधी मान वर करीत नसत. आज केली.

"माज्या कपाळाला लावा, भावजी. दस्त्याला लावा. नळीत न्हाई."

"देवाचा भंडारा नगं म्हंतीस?"

"देवाला चालतंय म्हनून देवाच्या डोळ्यात टाकता का?"

गर्दीत कोणीतरी फिसकन हसले. उद्धवराव म्हणाले, "रंगराव, बाजूला व्हा. मारू द्या तिला."

बोळा निघाला. पहिला फुगा फुटला. दुसरा, तिसरा. चौथ्याला वारा सुटला, फुगा डोलू लागला. पुतळाबाई थांबल्या, तो स्थिर झाला तेव्हा चाप ओढला. चौथाही गेला.

पाचवा छरा भरून त्यांनी बंदूक रंगरावांपुढे धरली. "ह्यो तुमी मारा."

ज्योतीरामांच्या हातातला फुगा सुटला. उद्धवराव म्हणाले, "पुतळाबाई, त्येचा नेम चुकला तर जागा तुजी जाती. बंदूकबी."

"माज्या हातानं बाटली आसंल तर चुकंलच की. बघू द्या समद्यांना."

रंगराव जिद्दीचे. मुद्दाम चुकवणे त्यांच्या रक्तात नव्हते, आणि चार गावांची माणसे बघत होती. त्यांनी एक डोळा मिटला, श्वास धरला. लाल फुगा फुटला आणि रंगराव मोठ्याने हसले. लोकांनी येळकोट केला. मग आपण काय करून बसलो ते हळूहळू त्यांच्या ध्यानात आले, पण तोंडावरचे हसू लगेच जाईना.

"जागा पुतळाबाईची," उद्धवराव म्हणाले आणि उठले.

पुतळाबाईंनी बंदूक परत घेतली, पदर पुढे ओढला आणि दस्ता रंगरावांपुढे केला. "आता लावा भंडारा."

रंगरावांनी लावला, पाच बोटे, हलक्या हाताने. नळीला हात लावला नाही. ज्योतीराम नवे फुगे बांधू लागले आणि पुतळाबाईंनी गर्दीकडे वळून विचारले, "बोला, कोन मारतंय?"